अमावास्येचा बाप

आमचं लग्न मोडलं ते समाजाच्या कार्यालयात, दुपारी, पंच भज्यांची वाट बघत बसले होते तेव्हा. भजी माझ्या सासूने सांगितली होती. ज्याच्या घरचं काम त्याने पंचांना खायला घालायचं, अशी आमच्यात पद्धत आहे. बारशाला घालतात, साखरपुड्याला घालतात, तशी सोडचिठ्ठीलाही घालतात. त्यांना चवीत फरक लागत नसावा.

मी दाराजवळ बसले होते, अण्णाच्या मागे. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. लेकीला घरी वहिनीजवळ ठेवलं होतं. समोर माझा नवरा आणि त्याची आई. भांडण आधीच होऊन गेलं होतं, आता फक्त वाटणी राहिली होती. सासूला नातू पाहिजे होता, मला एका मुलीनंतर काही झालं नव्हतं, आणि निपाणीतल्या एका घरातून नवऱ्यासाठी विचारणा आली होती. हे सगळं वडगावात सगळ्यांना माहीत होतं, पण कार्यालयात त्याला ‘स्वभाव जुळत नाहीत’ असं नाव मिळालं. आठ वर्षं मी त्या माणसाचे डबे भरले. त्याला स्वभाव आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पंचांतले थोरले, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांनी अण्णाला विचारलं, “पोरगी कुणाकडं?”

“आईकडं,” अण्णा म्हणाला.

“बरं. पोरगीच हाय न्हवं का. पोरगा असता तर मग बसून बोलाय लागलं असतं.”

सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या नवऱ्यानेही हलवली. आपल्या लेकीबद्दल बसून बोलावं लागलं नाही, याचा त्याला आनंदच झाला. तेवढीच सुटका लवकर.

“आणि बापानं भेटायचं कधी?”

“माग चालू असताना मला सवड न्हाय,” नवरा म्हणाला. त्याचे साड्या विणायचे चार माग आहेत. ते चार माग नसून चार जिल्हे असावेत असं त्याच्या तोंडाकडे बघून वाटायचं.

“मग अमावास्येला,” आप्पा म्हणाले. “अमावास्येला सगळ्यांचेच माग बंद.”

त्यावर पाचही पंच एकमेकांकडे बघून हसले. मोठं कोडं सुटलं होतं. आमच्या गल्लीत रविवारी माग चालतात, सणाच्या आदल्या दिवशी चालतात, घरात कोणी आजारी असलं तरी चालतात, पण अमावास्येला बंद म्हणजे बंद. त्या दिवशी माग पुसायचे, तेल घालायचं, नारळ फोडायचा, लिंबू बांधायचं आणि दुपारी पालथं पडून झोपायचं. पंच सगळे मागवाले. त्यांच्या लेखी महिन्यात दोनच प्रकारचे दिवस, एक अमावास्या आणि बाकीचे सगळे.

त्यांच्या एकाच्याही ध्यानात आलं नाही की ह्याच पाच घरांत अमावास्येला नवी घागरसुद्धा आत घेत नाहीत. त्या दिवशी पाहुणा आला तर त्याला चहा ओट्यावर देतात. लहान मुलांना वेशीपलीकडे पाठवत नाहीत. आणि माझी सासू तर ह्यात सगळ्यांच्या पुढे. हे मला माहीत होतं. पण मला कोणी विचारलं नाही, आणि जिथे विचारत नाहीत तिथे माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. लहानपणापासून असंच आहे. शिवाय वाटलं, पाच शहाण्या माणसांनी ठरवलंय, तर त्यांच्या शहाणपणाची फळं त्यांना दिसू देत.

स्टॅम्पपेपर खडेबाजारातून आधीच टाइप करून आणलेला होता. लेकीची ओळ तेवढी पेनाने भरली. कुणीतरी अंगठ्यासाठी माझ्यापुढे शाईचा डबा सरकवला. मी तो बाजूला केला आणि सही केली.

“आगा, सही करते की!” आप्पा म्हणाले.

“चौथी झालीय,” अण्णा म्हणाला.

माझ्या सहीखाली नवऱ्याची सही होती. तो दहावीपर्यंत गेलेला. त्याच्या सहीत एक अक्षर वाचता येत होतं, बाकी सगळी वळवळ. मग भजी आली.

*

मी अण्णाकडे राहू लागले. साड्यांच्या पदरांना गोंडे बांधायचं काम घरी आणून करायचे. लेक माझ्याजवळ बसून अभ्यास करायची आणि मध्येच सुटे दोरे गोळा करून बाहुलीचे केस करायची. आम्ही दोघी बऱ्या होतो. मला वाटायचं, एक माणूस आयुष्यातून गेला, की स्वयंपाकघरातली माशी गेल्यासारखं शांत होतं.

पहिल्या अमावास्येला तो आला. अंघोळ करून, कपाळाला अंगारा लावून, गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. लेकीने टिकल्यांचा फ्रॉक घातला होता. ती पळत गेली. मी डाळ शिजायला टाकली होती, ती उतरायच्या आत लेक परत आली. हातात आइस्क्रीमची काडी होती.

“एवढ्यात?” मी म्हटलं.

“आजीनं आत घेतलं न्हाय. आज घरात यायचं न्हाय म्हणाली. मी उंबऱ्याभाईर हुबारले, मग तिनं माझ्यावरनं लिंबू उतरलं.” ती माझ्याकडे बघत राहिली. “मला काय झालंय गं आई?”

“तुला काय न्हाय झालेलं,” मी म्हटलं. “आजीला झालंय.”

दुसऱ्या अमावास्येला तो आला नाही. लेक पायरीवर बसून राहिली. तिसऱ्या अमावास्येला तिने फ्रॉक पेटीतून बाहेर काढलाच नाही. पुढे ती अमावास्या कधी आहे हेही विचारेनाशी झाली. मी कॅलेंडरकडे बघायचे, पण तिच्यादेखत बघायचे नाही.

इकडे निपाणीचं लग्न ठरत आलं होतं. सगळ्या गोतावळ्यात एकच माणूस डोकं वापरणारा निघाला, आणि त्याला मी आजवर पाहिलेलं नाही. तो म्हणजे त्या निपाणीच्या मुलीचा बाप. तो म्हणे तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतो. त्याने विचारलं, “कोर्टाचा कागद कुठाय?” नवऱ्याच्या घरच्यांनी पंचांचा स्टॅम्पपेपर दाखवला. त्याने तो उलटून पालटून बघितला आणि परत दिला. म्हणाला, “ह्यानं घटस्फोट होत न्हाय. आधी तो करून या, मग माझी पोरगी मागा.”

पाच पंच, दोन घरं, एक टाइप करणारा आणि भजीवाला धरून एवढ्या माणसांना जे कळलं नाही, ते तंबाखूचा हिशेब बघणाऱ्याला एका नजरेत कळलं.

मग माझ्या नवऱ्याने वकील केला. वकिलाने सांगितलं असणार, बायकोने राजीखुशीने सही दिली तर लवकर मोकळं होता येतं. पण राजीखुशीने येऊन मागणं हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे मला नोटीस आली. इथल्या कोर्टाच्या भाषेत, कानडीत. अण्णाने वाचून सांगितली. बायको बापाला मुलीची भेट होऊ देत नाही, मुलीच्या मनात बापाबद्दल विष कालवते, म्हणून मुलीचा ताबा बापाला मिळावा.

ताबा. दुकानगाळ्याचा ताबा घेतात, प्लॉटचा घेतात. ज्याने सहा महिने पोरीला तोंड दाखवलं नाही, त्याला आता ताबा पाहिजे होता.

अण्णा नोटीस घडी घालत म्हणाला, “भ्या दाखवतोय. तू सही द्यावीस म्हणून.”

भीती दाखवत होता हे मलाही कळत होतं. पण भीती दाखवली म्हणजे वाटत नाही, असं थोडंच आहे. त्याचं स्वतःचं घर, त्याचे माग. मी भावाच्या घरात गोंडे बांधणारी. कुणी कोर्टात उभं राहून विचारलं, मुलगी कुठे बरी राहील, तर मी काय सांगणार होते? आणि सांगणार कशी? मला भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नाही. बसमध्ये कंडक्टरला थांबा सांगायचा तर मी आधी दोनदा मनात म्हणून बघते. त्या रात्रीपासून लेक झोपली की मी तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून झोपायला लागले. उगाचच. फ्रॉक धरल्याने काय होणार.

*

आमचा वकील अण्णाच्या ओळखीचा. मी त्याच्या समोर बसलेली असायचे आणि तो अण्णाला म्हणायचा, “बाईंना विचारा, भेटू दिलं नाही हे खरं काय?” अण्णा माझ्याकडे वळून तेच विचारायचा. मी अण्णाला सांगायचे, अण्णा वकिलाला सांगायचा. टेबल दोनच हात रुंद होतं.

पंचांचा कागद बघून तो हसला. “हा देव्हाऱ्यात ठेवा. रोज हळदकुंकू वाहा. कोर्टात हा चालायचा न्हाय. कायद्यानं तुम्ही अजून नवराबायकोच.”

इतके दिवस मी मोकळी म्हणून जगत होते आणि सगळा वेळ त्या माणसाची बायको होते. वर्षभर आपण धुतलेला समजून जो कपडा घातला तो धुतलेलाच नव्हता, असं कळल्यावर कसं वाटेल, तसं.

“सह्या द्यायला आमची ना न्हाय,” अण्णा म्हणाला. “पण पोरगी द्यायची न्हाय.”

“मग बाईंना बोलायला लागेल. मध्यस्थीला पाठवतील, तिथं सगळ्यांसमोर विचारतात.”

“ती बोलत न्हाय.”

“मग अवघड हाय,” वकील म्हणाला, आणि फोन उचलला.

*

कोर्टाने खरंच आम्हाला मध्यस्थीला पाठवलं. एक लहान खोली, गोल टेबल, वर पंखा. मध्यस्थ बाई होत्या, वयाने माझ्या आईएवढ्या. वकिलांशी कानडीत बोलायच्या, आमच्याकडे वळल्या की मराठीत. टेबलापलीकडे नवरा, त्याचा वकील आणि सासू. सासूला कुणी बोलावलं नव्हतं, पण आपल्या मुलाला एकट्याने पाठवणं तिला कधी जमलं नाही. लग्नाच्या पहिल्या रात्रीही ती बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

मॅडमनी नवऱ्याला विचारलं, “तुम्हाला मुलीचा ताबा हवाय?”

“व्हय मॅडम. बाप हाय मी.”

“आई भेटू देत नाही म्हणता. भेट कधी व्हायची होती?”

“अमावास्येला.”

मॅडमनी चष्मा वर केला. “कधी?”

“अमावास्येला. पंचांनी ठरीवलं. त्या दिवशी माग बंद असत्यात.”

“बरं. मग दर अमावास्येला तुम्ही मुलीला घरी नेत होता?”

तो टेबलाकडे बघायला लागला. सासूला ते सहन झालं नाही. “अमावास्येला लेकराला घरात कोण घेतंय मॅडम? तुम्ही घेता काय?”

“मी रोज घेते,” मॅडम म्हणाल्या. “माझी मुलगी माझ्याच घरात राहते.”

सासूच्या कपाळाला आठ्या पडल्या. ह्या बाईला रीतभात नाही असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

“अमावास्या सोडा,” मॅडम म्हणाल्या. “रविवारी न्याल?”

“रविवारी माग चालू असत्यात,” नवरा म्हणाला.

“शनिवारी शाळा अर्धी असते. दुपारनंतर?”

“शनिवारी तयार माल पोच करायचा असतोय.”

“मग मे महिन्यात? आठ दिवस?”

“मे महिन्यात लग्नसराई. लई काम असतंय.” मग त्याला काहीतरी सुचलं. “घरात आई हाय की. आई बघंल.”

“मला कुठं निभतंय आता,” सासू म्हणाली. “गुडघं गेल्यात माझं. नवी सून आली की ती बघंल.”

“नवी सून?” मॅडमनी विचारलं.

नवऱ्याचा वकील एकदम फाइलमध्ये काहीतरी शोधायला लागला. पहिली बायको टेबलाच्या ह्या बाजूला बसलेली, कायद्याने अजून बायकोच, आणि सासू दुसरीच्या कामाची वाटणी करत होती. अण्णाने तोंडावर रुमाल धरला.

मॅडम हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “एक सांगा मला. समजा ताबा तुम्हाला मिळाला. मुलगी तुमच्याच घरी राहायला आली. मग अमावास्येला तिला कुठं ठेवणार?”

नवऱ्याने आईकडे बघितलं. सासूने खरोखर विचार केला. तिच्या कपाळावरून मला दिसत होतं, ती मनात घर फिरून आली, माडी, माजघर, मागाची खोली, आणि कुठेच जागा नाही असं तिचं ठरलं.

“त्या दिवशी आईकडं पाठवू की,” ती म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत त्यांनी मला काही विचारलं नव्हतं, आणि आताही विचारलं नाही. फक्त थांबल्या. माझ्यासाठी कुणी असं थांबल्याचं मला आठवत नाही. अण्णा तोंड उघडत होता, मी त्याच्या हातावर हात ठेवला.

“पाठवा म्हणावं,” मी म्हटलं. “आणि उरलेले दिवस पण माझ्याकडंच असू देत.”

माझा आवाज बारीक निघाला, पण निघाला. नवरा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू घरातल्या फडताळाने त्याला हाक मारली.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. घटस्फोट दोघांच्या संमतीने मागायचा. मुलगी आईकडे राहील. बापाने महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी येऊन न्यायचं आणि संध्याकाळी आणून सोडायचं. मॅडमनी एकेक गोष्ट दोन्ही भाषांत वाचून दाखवली. लेकीची ओळ आली तेव्हा मी नवऱ्याकडे बघत होते. आता तरी हा काही बोलेल. एखादा रविवार वाढवून मागेल, उन्हाळ्याची सुट्टी मागेल. दोन महिने ज्या ताब्यासाठी मी फ्रॉक धरून झोपले, तो त्याने असा सोडला, जशी एखादी पिशवी चुकून उचलली होती आणि आता खाली ठेवली.

त्याने सही केली आणि विचारलं, “मॅडम, मग लग्न कधी करता येईल? आषाढ लागायच्या आत हुईल काय?”

“ते कोर्ट ठरवेल,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि तोंड दुसरीकडे केलं. माझ्यासारखंच त्यांनाही वाटत असावं. मला बरं वाटलं. एवढ्या शिकलेल्या बाईला आणि मला एकाच माणसाची एकाच वेळी शिसारी आली.

बाहेर जिन्यात सासू माझ्याजवळ थांबली. “पोरीला नीट संभाळ हां,” ती म्हणाली. मोठ्या मनाने दिल्यासारखं.

मी जिना उतरायला लागले. त्या दिवशीचं बोलणं मी वापरून टाकलं होतं.

*

पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार आला. लेकीला मी सगळं सांगितलं होतं. ती अंघोळ करून, दोन वेण्या घालून दारात उभी. फोन आला.

“माग सोडून कसा येऊ?” नवरा म्हणाला. “तूच आणून सोड की.”

मी फोन ठेवला. अण्णा म्हणाला, “कागदावर त्यानं यायचं हाय. जाऊ नगंस. न्हाय आला की वकिलाला सांगू. दोन-चार रविवार चुकले की त्याचा हक्कच काढून टाकू.”

अण्णाचं बरोबर होतं. मी आत जाऊन गोंड्यांचा गठ्ठा पुढे ओढला. लेक दारातच होती. ती काही मागत नव्हती. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, एवढंच. मी एक गोंडा बांधला, दुसरा बांधला, तिसऱ्याचे दोरे कमीजास्त झाले. मग मी चप्पल घातली.

त्याच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी माग चालू होते. तिथे माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, ओरडलं तरी येत नाही. मागाच्या खोलीचं दार उघडं होतं. तो वाकून तुटलेलं सूत जोडत होता. लेक दारात उभी राहिली. त्याने मान वर केली, तिला बघितलं, मला बघितलं, आणि हाताने ‘ये’ अशी खूण केली. मला नाही, तिला. माडीच्या खिडकीत सासू दिसली आणि मागे सरकली. तो रविवार होता, त्यामुळे लिंबू नव्हतं.

मी समोरच्या देवळाच्या कट्ट्यावर बसले. पाय दुखेपर्यंत बसले. जाणारे-येणारे बघत होते, मी जमिनीकडे बघत होते. आत चार माग आपटत होते. मनात म्हटलं, ह्याच्यासाठी ही पोर पायऱ्यांवर बसून राहिली. हा माणूस तिच्याशी एक शब्द बोलणार नाही, कारण त्याला बोलायचं असलं तरी मागांच्या आवाजात ते तिला ऐकू जाणार नाही, आणि हे त्याच्या सोयीचंच आहे.

एकदा आतला आवाज कमी झाल्यासारखा वाटला. पुन्हा वाढला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या भुवयांना, पापण्यांना, वेण्यांना सगळीकडे कापसाची धूळ होती. म्हातारी दिसत होती. आम्ही गल्लीबाहेर आलो, तशी मी विचारलं, “काय म्हणाले बाबा?”

“मागाच्या आवाजात काय ऐकू येतंय गं आई.”

“मग एवढा वेळ काय केलंस?”

“बघत बसले.” थोडं चालून ती म्हणाली, “एकदा माग बंद केला. त्यांनी न्हाय, मी. हँडल माझ्या हातात दिलं, खुणेनं सांगितलं ओढ. ओढलं की तो गप्प. मग बाबा कानाजवळ येऊन म्हणाले, लई उंच झालीस गं.”

“आणि?”

“आणि परत चालू केला.”

एवढंच. चार मागांतला एक, तोही घटकाभर, आणि एक वाक्य. पाहुणीच्या पोरीलाही लोक एवढं म्हणतात. मला ते सांगावंसं वाटलं, पण ती पुढे पुढे चालत होती आणि हात हवेत धरून हँडल कसं ओढायचं ते पुन्हा पुन्हा करून बघत होती.

“चौथ्या रविवारी बी जायाचं न्हवं?” तिने मागे न बघता विचारलं.

“व्हय,” मी म्हटलं. “थांब जरा. डोळ्यांत जाईल ते.” आणि रस्त्याच्या कडेला तिला उभी करून मी पदराने तिच्या पापण्या पुसल्या.